दही-फळांची झटपट न्याहारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाटीभर दह्यात चिरलेलं फळ घालायचं, एवढ्या साध्या पदार्थावर इतके प्रश्न येतील असं वाटत नाही, पण येतात. बहुतेकांचं मूळ एकच असतं: दही पाणीदार. ते घट्ट असलं तर बाकीच्या अडचणी निम्म्याने कमी होतात. म्हणून दह्याबद्दल इथे जास्त लिहिलं आहे, सजावटीबद्दल जवळपास नाहीच.

१. एका माणसाला दही किती, फळ किती? नुसतं प्रमाण सांगा.

घट्ट दही एक मोठी वाटी (दीडशे ते दोनशे ग्रॅम), चिरलेलं फळ एक लहान वाटी, दाणे किंवा बिया एक ते दोन मोठे चमचे. साखर नाही. दही वाडग्यात घ्या, चमच्याने दोन-तीनदाच हलवा, वर फळ आणि सगळ्यात शेवटी दाणे. फळ चिरण्यासकट पाच मिनिटांत होतं. फळ दह्यापेक्षा जास्त झालं तर ती फळांची कोशिंबीर होते. तीही चांगलीच, पण तिने दुपारपर्यंत तग धरता येत नाही.

२. खाल्ल्यावर छान वाटतं, पण अकरा वाजता पुन्हा भूक लागते. काय चुकतंय?

बहुधा प्रथिनं कमी पडताहेत. घरच्या साध्या दह्यात शंभर ग्रॅमला तीन ते चार ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे छोट्या वाटीभर दह्यातून जेमतेम पाच ग्रॅम मिळतात, आणि फळात तर ती नावालाच असतात. त्यावर उपाय दोन. दही टांगून घट्ट करा (प्रश्न ४ पाहा), किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट दोन मोठे चमचे घाला. तेवढ्यातून आणखी पाच ग्रॅमच्या आसपास मिळतात. बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया यांचं कौतुक खूप होतं आणि ते खोटं नाही, पण घरात शेंगदाणे असताना कोणाचं काही अडत नाही.

ज्यांना सकाळी शेतावर, कारखान्यात किंवा व्यायामशाळेत जायचं आहे त्यांनी यात धान्यही घालावं. ते कोणतं, हे पुढच्या उत्तरात.

३. ग्रॅनोला (ओट्स-दाणे गोडव्यात भाजून केलेलं मिश्रण) महाग पडतो. त्याऐवजी काय घालू?

ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, कुरमुरे किंवा भाजलेले पातळ पोहे. गोपाळकाल्यात पोहे, लाह्या, दही आणि बऱ्याच घरी डाळिंबाचे दाणेही असतातच. त्यातलं लोणचं आणि मिरची काढली की ही न्याहारीच उरते. पातळ पोहे कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, चुरचुरीत होईपर्यंत भाजा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आठवडाभर पुरतात. जाडे पोहे मात्र धुऊन, निथळून, दह्यात दहा मिनिटं मुरू द्यावे लागतात.

विकतच्या ग्रॅनोलाचं पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर, मध किंवा कुठलंही सिरप पहिल्या तिघांत असेल तर ते धान्य नसून मिठाई आहे असं समजा.

ओट्स चालतात. कच्चे घातले तर रात्रभर दह्यात भिजवा, सकाळी मऊ होतात. पण ते दही शोषतात, त्यामुळे दही थोडं जास्त घ्या.

४. ग्रीक योगर्ट घेऊ की घरचा चक्का? दोन्ही एकच ना?

पद्धत तीच. दही फडक्यात बांधून पाणी निथळू द्यायचं. श्रीखंडासाठी आपण रात्रभर टांगतो. न्याहारीला एवढा कोरडा चक्का नको, दोन ते तीन तास पुरे. चाळणीवर सुती फडकं, त्यात दही, खाली पातेलं, आणि हे सगळं फ्रीजमध्ये. बाहेर टांगलं तर उन्हाळ्यात आंबट होतं. अर्धा किलो दह्याचं रात्रभरात साधारण निम्मं उरतं आणि त्याच्या शंभर ग्रॅममध्ये सहा-सात ग्रॅमपर्यंत प्रथिनं येतात. दोन-तीन तासांच्या दह्यात त्याहून कमी, पण साध्या दह्यापेक्षा बरीच जास्त.

खाली जमलेली निवळ ओतून देऊ नका. तिने कणीक मळा, आमटीत घाला, किंवा मीठ-जिरं घालून पिऊन टाका.

विकतचं घ्यायचं असेल तर यादीत दूध आणि विरजणाचे जिवाणू एवढंच असलेलं घ्या. काही डब्यांत दही निथळण्याऐवजी दुधाची भुकटी किंवा स्टार्च घालून घट्टपणा आणलेला असतो. भुकटीचं काही वाईट नाही, स्टार्चसाठी मात्र तिप्पट पैसे कशाला द्यायचे? फळांची चव असलेल्या छोट्या डब्यांबद्दल प्रश्न ११ मध्ये लिहिलं आहे.

५. माझं दही लागतच नाही नीट. कधी पातळ, कधी तार येते, कधी आंबटढाण. नेमकं कसं लावू?

दूध उकळल्यावर लगेच गॅस बंद करू नका. मंद आचेवर ढवळत आणखी पाच-सात मिनिटं ठेवा. दुधातली निवळीतली प्रथिनं तापल्यावर केसीनला (दुधातल्या मुख्य प्रथिनाला) चिकटतात आणि दही घट्ट, कमी पाणी सोडणारं होतं. शिवाय थोडं पाणी आटतं तो फायदा वेगळाच. मग दूध कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून दहापर्यंत सावकाश मोजता आलं पाहिजे आणि तरी ऊब जाणवली पाहिजे. थर्मामीटर असेल तर ४० ते ४५ अंश सेल्सिअस. अर्धा लिटरला एक छोटा चमचा ताजं विरजण, थोड्या दुधात कालवून मग सगळ्या दुधात. एकदा नीट ढवळलं की भांडं हलवायचं नाही.

उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं. थंडीत आठ-दहा तास लागतात, आणि नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात भांडं पिठाच्या डब्यात किंवा जाड टॉवेलात गुंडाळून ठेवावं लागतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये. आंबटपणा वाढतो तो लागल्यानंतर बाहेर राहिल्यामुळे.

तार येण्याचं कारण बहुतेकदा विरजणच असतं. त्यातले काही जिवाणू चिकट शर्करा तयार करतात, आणि दूध गार असताना विरजलं तर त्यांना जोर चढतो. असं दही खायला अपायकारक नसतं, पण फळांसोबत ते नकोसं लागतं. ते विरजण बाजूला ठेवून शेजारून चमचाभर आणा. लंडन-न्यू जर्सीतल्या मंडळींनी साधं, गोड नसलेलं, जिवंत जिवाणू असल्याचं लिहिलेलं योगर्ट विरजणाला वापरावं. मिरचीच्या देठांनीही दही लागतं, कारण देठांवर आंबवणारे जिवाणू असतात, पण पहिली खेप ढिली निघते. तिचं विरजण वापरून दुसरी लावा.

म्हशीच्या दुधाचं दही गाईच्या दुधाच्या दह्यापेक्षा घट्ट लागतं, त्यात स्निग्धांशही जास्त. मातीच्या भांड्यात लावलं तर भांडंच थोडं पाणी शोषून घेतं. कुंभाराकडून गाडगं आणणं हा या पानावरचा सगळ्यात स्वस्त सल्ला आहे.

६. अननस घातला की दही कडू होतं. दही खराब असतं का?

दही ठीक असतं, अननस आपलं काम करत असतो. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं, आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. प्रथिनांची जाळी तुटते म्हणून दही सैलही होतं. पंधरा-वीस मिनिटांत फरक कळतो, तासाभरात तोंड वाकडं होतं. खाल्लं तरी अपाय नाही.

उपाय उष्णतेचा. अननसाचे तुकडे थोड्या पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा, गार करा, मग दह्यात घाला. एन्झाइम निकामी झालेलं असतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्याने तो कडू करत नाही, पण पाकातला घेऊ नका.

याच जातीची आणखी तीन फळं लक्षात ठेवा. पपईत पपेन (कच्च्या पपईत भरपूर, पिकलीत बरंच कमी), ताज्या अंजिरात फायसिन आणि किवीत ॲक्टिनिडिन. ही दह्यात घालायची असतील तर घालून लगेच खायची. रात्री कालवून ठेवायची नाहीत आणि डब्यात न्यायची नाहीत. पिकलेली पपई आणि घट्ट दही, वर लिंबाचे चार थेंब, हे ताजं ताजं खाण्यासारखं दुसरं स्वस्त सुख नाही.

७. कोणत्या महिन्यात कोणतं फळ घ्यावं?

थंडीत पेरू. नावडता झाल्यासारखा कोपऱ्यात बसतो, पण त्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या तिप्पट-चौपट असतं आणि दह्यात त्याचा करकरीतपणा टिकतो. बिया कडक वाटल्या तर मधला गर काढून चाळणीवर घासा आणि तो दह्यात मिसळा, कडेचे तुकडे वर घाला. नोव्हेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी असते. ती आधी धुऊन मग देठ काढा. उलटं केलं तर फळात पाणी शिरतं आणि ते दह्यात उतरतं. नागपुरी संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी आंबिया बहाराची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची. फोडींचं साल सोलून घातली तरच मजा. तेवढा वेळ सकाळी नसतो, म्हणून संत्रं रविवारचं.

एप्रिल-मेमध्ये हापूस आला की बाकी सगळं बंद. आंबा दह्यात कालवू नका, फोडी वर ठेवा, केशराची काडीही नको. आमरस-दही एकत्र फेटून छान लागतं, पण मग ते आम्रखंडाकडे झुकतं आणि साखरेचा मोह होतो. आंब्यासोबत दही जरा आंबटसर असलेलंच बरं.

जूनमध्ये जांभळं. बिया काढायचा कंटाळा असतो, पण दह्याला येणारा जांभळा रंग पाहून न्याहारीला नाक मुरडणारी मुलंही वाडगा ओढतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत सीताफळ. गर चाळणीवर लाकडी चमच्याने घासला की बिया वेगळ्या होतात. सीताफळ आणि चक्का ही या सगळ्यातली माझी आवडती जोडी, आणि तिच्यात आणखी काहीही घालणाऱ्याशी मी वाद घालायला तयार आहे. पुरंदरचं अंजीर हिवाळ्यात खट्ट्या बहाराचं आणि उन्हाळ्यात मीठ्या बहाराचं. चवीला मीठा बहार सरस, पण प्रश्न ६ विसरू नका.

केळं आणि डाळिंब बारमाही. परदेशी ब्लूबेरीसाठी खिसा रिकामा करण्याची गरज नाही.

८. दही-फळ म्हणजे विरुद्ध आहार, असं आजी म्हणते. खरं काय?

आजी मनचं बोलत नाहीये. अष्टांगहृदयात विरुद्ध अन्नाच्या यादीत केळं हे ताक किंवा दह्यासोबत खाऊ नये असं आहे. चरकसंहितेत रात्री दही खाऊ नये, आणि एरवीही तूप, साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांपैकी कशाची तरी जोड असावी असं सांगितलं आहे. म्हणजे ग्रंथांचा आक्षेप दह्यावर सरसकट नाही. वेळ, जोडी आणि खाणाऱ्याची प्रकृती यांवर त्यांचा भर आहे.

आधुनिक आहारशास्त्र या जोडीला घातक मानत नाही. आणि आपल्याकडे केळ्याची दह्यातली कोशिंबीर पिढ्यान्‌पिढ्या सणाच्या पानात वाढली जाते, तीही याच आज्या करतात! माझं मत विचाराल तर: खाऊन पोट जड होत असेल, आंबट ढेकर येत असतील, तर फळ आधी खा आणि दही तासाभराने. काहीच त्रास नसेल तर खुशाल खा. वैद्यांकडे उपचार चालू असतील तर त्यांचं पथ्य पाळा, या पानाचं नाही.

९. दह्याने सर्दी होते ना? पावसाळ्यात खाऊ की नको?

सर्दी विषाणूंमुळे होते, दह्याने नाही. फ्रीजमधलं गारढोण दही घशाला टोचतं हे मात्र खरं. पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा. दम्याचा किंवा सायनसचा त्रास असेल आणि दह्याने तो वाढतो असं स्वतःला जाणवत असेल, तर हट्ट नको.

१०. रात्री तयार करून सकाळी डब्यात न्यायचं आहे. फळ काळं पडतं आणि सगळं पाणी-पाणी होतं.

काळं पडतं ते केळं, सफरचंद, पेरू आणि चिकू. चिरल्यावर हवा लागली की रंग बदलतो. अर्धा चमचा लिंबाचा रस चोळा, किंवा फळ तळाशी ठेवून वर दह्याचा पूर्ण थर द्या म्हणजे हवाच लागत नाही. केळं मात्र सकाळीच चिरा.

पाणी सुटण्याची कारणं दोन. दही जोरात फेटलं की त्याची बसलेली जाळी मोडते आणि निवळ बाहेर येते. आणि फळावर साखर किंवा मीठ भुरभुरलं की फळ रस सोडतं. म्हणून फेटू नका, गोडवा-मीठ खाताना घाला, आणि टांगलेलं दही वापरा. कलिंगड-खरबूज डब्यासाठी बादच.

डबा गार राहिला पाहिजे. दही आंबट असल्याने बऱ्यापैकी टिकतं, खरा धोका चिरलेल्या फळाचा असतो. मार्च ते जूनमध्ये लोकलने दीड तास प्रवास असेल तर बर्फाची पिशवी सोबत हवी. नसेल तर दह्याचा डबा वेगळा आणि अख्खं फळ वेगळं न्या, तिथे चिरा. लाह्या-दाणे नेहमीच वेगळ्या पुडीत.

११. साखर नको म्हणता, मग गूळ, मध, खजूर चालेल का?

गूळ आणि मध हीसुद्धा साखरच, रंग वेगळा. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर आणि मध, फळांचा रस यांतली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली ठेवा म्हणते, आणि पाच टक्क्यांखाली आली तर आणखी बरं. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम, सपाट भरलेले सहा छोटे चमचे. चहात त्यातले किती जातात ते आधी मोजा.

फळांच्या चवीच्या योगर्टच्या डब्यावर ‘अतिरिक्त साखर’ हा आकडा पाहा आणि चारने भागा. तेवढे चमचे साखर त्यात आहे.

गोडवा हवाच असेल तर बी काढलेला खजूर बारीक चिरून घाला, निदान त्यासोबत चोथाही पोटात जातो. वेलची, दालचिनी, किसलेलं जायफळ घातलं की गोड नसतानाही गोड लागल्यासारखं वाटतं. फळ आंबट निघालं तर चिमूटभर मीठ, साखरेपेक्षा जास्त काम करतं.

१२. मधुमेह आहे. हे खाता येईल का?

साधं दही आणि अख्खं फळ, बहुतेकांना येतं. रस नको, साखर-गूळ-मध नको, फळ अर्धी वाटी, आणि शेंगदाणे किंवा बिया नक्की. पेरू, सफरचंद, स्ट्रॉबेरी, पपई ही सोयीची. आंबा, सीताफळ, चिकू, पिकलेलं केळं यांचं प्रमाण अगदी बेताचं. प्रत्येकाची साखर वेगळी चढते, म्हणून खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी घरच्या यंत्रावर एकदा-दोनदा तपासा, तेच तुमचं खरं उत्तर. मूत्रपिंडाचा आजार जोडीला असेल तर केळं, संत्रं यांतलं पोटॅशियम आणि दह्यातलं फॉस्फरस दोन्हींचा विचार लागतो. तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

१३. दूध प्यायलं की पोट बिघडतं. दही चालेल?

पुष्कळांना चालतं. दुधातली लॅक्टोज नावाची शर्करा पचत नसते. विरजणाचे जिवाणू ती काही प्रमाणात वापरून टाकतात आणि उरलेली पचायलाही मदत करतात. टांगलेल्या दह्यातून निवळीबरोबर आणखी थोडी जाते. अर्ध्या वाटीने सुरुवात करा.

दुधाची ॲलर्जी हे वेगळं प्रकरण आहे. ती प्रथिनांची असते, त्यामुळे दहीही चालत नाही. शेंगदाण्याच्या दुधाचं दही घरी लावता येतं. नारळाच्या दुधाचंही लागतं, पण त्यात प्रथिनं फार थोडी, म्हणून प्रश्न २ मधली सोय दुप्पट करा.

१४. बाळाला कधीपासून द्यावं?

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की साधं दही आणि कुस्करलेलं फळ देता येतं. मध वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. द्राक्षं पाच वर्षांपर्यंत उभी चार तुकडे करूनच द्या, अख्खी घशात अडकतात. दाणे आणि सुकामेवाही तोपर्यंत पूड करून.

१५. उपवासाला चालतं का?

दही, फळं, शेंगदाणे, राजगिऱ्याच्या लाह्या चालतात. पोहे, ओट्स, ज्वारी नाही. वेलची-दालचिनीबद्दल घरोघरी वेगळी रीत असते, ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

१६. सकाळी थायरॉइडची आणि लोहाची गोळी असते. मग हे कधी खाऊ?

हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि जास्त लोकांनी विचारायला हवा. दह्यातलं कॅल्शियम काही औषधांचं शोषण कमी करतं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि न्याहारी अर्ध्या ते एका तासाने करा. कॅल्शियमची गोळीही चालू असेल तर त्या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर लागतं. लोहाची गोळी दह्याबरोबर नको, दोन तास आगेमागे घ्या. लिंबूपाण्याबरोबर ती बरी शोषली जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं चालू असताना तर दह्याची वेळ डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारूनच ठरवा.

१७. कालवलेलं उरलं तर?

झाकून फ्रीजमध्ये त्याच संध्याकाळपर्यंत. अननस, पपई, किवी असलेलं ठेवूच नका. केळ्याचं उरलं तर कुस्करून त्यात मावेल तेवढी कणीक, थोडा गूळ आणि वेलची घाला, आणि तव्यावर तूप सोडून छोटी धिरडी टाका. चार वाजताच्या चहाबरोबर मुलं ती आवडीने खातात.